रोशनबीचा चेहरा

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी काम घेऊन मला शोधत आलं. सिद्धेश. महापालिकेच्या शाळेत माझ्या चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसून खोडरबर खायचा. आता चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ॲडमिन मॅनेजर आहे आणि पोटही त्या मानानं सुटलंय. रावेतचा आमचा अकरावा मजला बघून म्हणाला, "बाई, इथून एक्सप्रेसवे किती भारी दिसतो." मी म्हटलं, ऐकूही येतो.

कंपनीची नवी इमारत झालीय. तिच्या दर्शनी भिंतीवर मोठं चित्र हवंय, दहा फूट बाय पाच. "तुम्ही आम्हाला ती इंग्लंडची चित्रं दाखवायचात ना, शेतात काम करणारी माणसं, संध्याकाळचं पिवळं ऊन? तसलं. पण आपल्याकडचं. आमच्या जागेवर आधी कांद्याची शेतं होती म्हणे." सोळा एप्रिलला उद्घाटन.

तो गेल्यावर मी तो अल्बम काढला. पिंपरी कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात एकोणनव्वद साली मिळाला होता, कव्हर नसलेला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चित्रं. कापणी करणारे, गवताच्या गंजी रचणारे, खडी फोडणारा म्हातारा. तीस वर्षं मी हीच पानं वर्गात फिरवली. मुलांना सांगायचे, त्या काळी इंग्लंडात यंत्रं आली, गावं ओस पडली, आणि मग गिरण्यांवर श्रीमंत झालेल्या शहरी लोकांनी शेतमजुरांची चित्रं विकत घेऊन दिवाणखान्यात लावली. मुलं हसायची. मीही हसायचे.

सिद्धेशनं जाताना विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः कधी शेतात गेलायत?" मी म्हटलं, लांबून बघितलंय. खोटं नाही ते.

१२ फेब्रुवारी

दुपारी आईला अल्बम दाखवला. आई म्हणजे गिरजाबाई, वय एक्क्याऐंशी, जीभ पंचविशीतली. तिच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलाय. उजवा गेल्यातच जमा आहे, डाव्यानं दिसतं, पण समोर बघितलं की नेमकं समोरचंच पुसट होतं. म्हणून ती चित्र बघताना तोंड खिडकीकडे करते. बघणाऱ्याला वाटावं रुसली आहे.

एका पानावर कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या बायका आहेत. मी सांगितलं तशी आई चमकली.

"सरवा व्हय? आमी पन येचायचो की सरवा. पर असल्या पांढऱ्याधोट कपड्यात न्हाई." मग जरा वेळानं, "हिच्या पायाला माती कुठंय गं?"

मी म्हटलं, चित्र आहे ते, सुंदर दिसायला हवं.

"मातीनं काय वंगाळ दिसतं व्हय?"

तिच्यापुढे हात टेकले. पण तिला इतकं बोलताना बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं. जेवणही दोन घास जास्त गेलं.

२० फेब्रुवारी

कच्चं रेखाटन झालं. चाकणजवळच्या म्हाळुंग्याच्या शिवारातली कांदा काढणी. सात बायका तिरप्या ओळीत, सगळ्या डावीकडे सरकताहेत, पाठींच्या कमानी एकामागे एक, मागे मावळतीचं ऊन. अल्बममधल्या कापणीच्या चित्राची रचना घेतली आहे, लपवत नाही. सिद्धेशला फोटो पाठवला, त्यानं अंगठे आणि फुलं पाठवली.

आईला दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"समद्या एकीकडंच चालल्यात? आन् मागं राहिलेलीची पात कोन आणील?"

पात म्हणजे शेतात एकेकीच्या वाट्याला येणारा पट्टा. प्रत्येकीनं आपापली पात धरून या बांधापासून त्या बांधापर्यंत बसत बसत सरकायचं. आईचं म्हणणं असं, की जी पटाईत असते ती आधी पलीकडे पोचते. पण ती बांधावर बसून राहत नाही. मागे पडलेलीची पात पलीकडच्या टोकाकडून धरते आणि तिच्याकडे काम करत येते. दोघी मध्ये कुठंतरी भेटतात, मग सगळ्या मिळून पाणी पितात. म्हणून ओळीत एक तरी बाई समोरून येणारी पाहिजेच.

मी म्हटलं, आई, सहा पाठी आणि एक तोंड म्हणजे चित्राचा ताल जातो. लोकांना वाटेल बाईंची चूक झाली.

"ऱ्हायलं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तीस वर्षं मी रचना शिकवली आणि आता मला रचना शिकवणार. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या संध्याकाळपर्यंत गेल्या नाहीत.

२७ फेब्रुवारी

पिंपरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. आत बारीक रक्तवाहिन्या वाढल्यात, त्यातली एखादी फुटली तर मधलं दिसणं एका दिवसात जाईल. कधी? "महिनाभरात जाईल, नाहीतर दोन वर्षं टिकेल." म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही.

रिक्षात आईनं माझा हात धरला. तिला हात धरायची सवय नाही.

"तने, तुझ्या चित्रात रोशनबीला घाल."

रोशनबी हे नाव मी लहानपणी ऐकलं होतं. आईच्या ओळीत असायची. माझ्या जन्माआधीपासून दोघी बरोबर रोजानं जायच्या. मी दहा वर्षांची असताना बाबांना पिंपरीच्या कारखान्यात हमाली लागली, आम्ही इकडे आलो आणि ती तिकडे चाकणलाच राहिली. आठ वर्षांपूर्वी गेल्याचं कुणीतरी सांगितलं होतं.

"तिचं तोंड लई वर्सं झाली डोळ्यापुढं येतंय आन् जातंय," आई म्हणाली. "डोळं हायेत तवर एकदा बघू दे. बरूबर झालं का न्हाई ते म्याच सांगनार. दुसरं हाय कोन?"

५ मार्च

दुसरं खरंच कुणी नाही. रोशनबीचा तरुणपणचा फोटो असणं शक्यच नाही. आईचा तरी कुठे आहे? शेतावर रोजानं जाणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार होतं? इंग्लंडातल्या खडी फोडणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा चित्रकार भेटला, त्याच्या बुटाचं भोक दीडशे वर्षांनी मी रावेतमध्ये बसून बघते. हे मी इतक्या वर्षांत एकदाही मुलांना म्हटलं नाही. सुचलंच नाही.

आता खरं लिहिते, डायरीच आहे. शाळेत नोकरीच्या अर्जावर, पुढे सेवापुस्तकात, स्टाफरूममध्ये, सगळीकडे मी 'आई गृहिणी' असंच सांगितलं. बाबांचा कारखाना सांगायला मला कधी जड गेलं नाही.

आईनं आज वर्णन केलं. गव्हाळ, उभट तोंड, भुवया जुळलेल्या, वरच्या ओठावर घाम. "आन् हसली की आधी डोळं हसायचं." तेवढ्यावर चेहरा काढला. आईनं खिडकीकडे तोंड करून नीट बघितला. "न्हाई."

९ मार्च

दुसरा, तिसरा, चौथा. चारही वेळा न्हाई. चौथ्याला मी चिडले. म्हटलं, आई, नाही म्हणजे काय नाही? नाक? हनुवटी?

आईनं अल्बम मागितला. चाचपत, पानं तिरप्या नजरेला धरत, कापणी करणाऱ्या मुलीचं पान काढलं. मान जराशी कलती, डोळे लांब कुठेतरी, गाल उजळलेले.

"ही बघ. चारी बारीला हीच आली. रंग तेवढा बदलतीस."

मी चारही कागद त्या पानाशेजारी ठेवले. तीच कलती मान. तीच लांबची नजर. रोशनबीच्या भुवया जुळवून इंग्लंडची तीच पोरगी मी चार वेळा कांद्यात बसवली होती. तीस वर्षं फळ्यावर तिला काढून काढून माझा हात तिच्याशिवाय दुसरी बाई काढायचंच विसरला आहे. मग इतकी वर्षं मी मुलांना काय शिकवलं? आज ब्रश धुतलेसुद्धा नाहीत.

१६ मार्च

चाकणला गेले. रोशनबीचा मुलगा वजीर कांदा मार्केटच्या मागे ट्रॅक्टर दुरुस्त करतो, दोन ठिकाणी विचारल्यावर सापडला. पन्नाशीचा, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. नाव सांगितल्यावर उठून उभाच राहिला.

"गिरजामावशी हायेत अजून? अम्मी शेवटपर्यंत नाव काढायची, ताई. म्हणायची, माझी जोडीदारीण पिंपरीला गेली, पोरीला शिकवलं."

रोजे चालू होते, तरी माझ्यासाठी चहा मागवला आणि मी घेईपर्यंत बसला. रोशनबीचा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. दात गेलेले, गाल आत ओढलेले, सगळी माणसं आधार कार्डावर दिसतात तशी. वजीर म्हणाला, त्याला आठवायला लागलं तेव्हाच ती थकलेली होती.

तेवढ्यात त्याची मुलगी शिफा आली. सव्वीस वर्षांची, एका कंपनीत क्वालिटीला आहे. भुवया जुळलेल्या. मी इतकी टक लावून बघितलं की ती बिचारी लाजली. माझं काम सांगितलं तर म्हणाली, "दादीसारखं बसायचं ना? बसते की मावशी. रविवारी सुट्टी असते."

२३ मार्च, रविवार

दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये मालोजी म्हणून एकाचं दीड एकर उरलं आहे, तिथे कांदा काढणी चालू होती. त्याचा ट्रॅक्टर वजीर बघतो, म्हणून त्यानं येऊ दिलं. कामाच्या बायका मराठवाड्यातून आलेल्या. त्यांना वाटलं मी सरकारी माणूस, कार्ड काढायला आले.

आधी मी नेहमीसारखी बांधावर उभी राहून काढायला लागले. शिफा ओळीत बसली. तिचं डोकं दिसलं, पाठ दिसली, आणि कागदावर परत तीच कलती मान उतरायला लागली. मग लक्षात आलं, अल्बमातले सगळे चित्रकार उभे होते. ते उभे, मजूर वाकलेले. आईनं रोशनबीला उभ्यानं कधी बघितलं असेल? कामावर जाताना, येताना, अंधारात. दिवसभर बघितलं ते बसून.

गुडघ्यांनी कुरकुर केली, तरी मी वाफ्यात बसले, एका बाईच्या शेजारी. ढेकूळ टोचत होतं. शिफाला म्हटलं, पलीकडच्या टोकाला जा आणि ही पात धरून माझ्याकडे ये.

ती आली. आधी गुडघा, मग खुरपं धरलेला हात, मग पदरासारख्या घेतलेल्या ओढणीखालून चेहरा. ऊन पाठीमागून, म्हणून तोंड सावलीत. रोजा होता, ओठ कोरडे. मान कुठेही कललेली नव्हती. डोळे किलकिले करून ती फक्त मातीकडे बघत होती, आणि अगदी जवळ आल्यावर वर बघून दमल्यासारखं हसली. डोळे आधी हसले.

मी काढत राहिले. शेजारची बाई म्हणाली, "ताई, नुसतं लिवताय काय, हात लावा की." मग थोडे कांदेही उपटले. फार वर्षांनी नखांत माती गेली, ती आज मुद्दाम धुतली नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं आणि विचारलं, रोशनबी अशीच यायची का? आई म्हणाली, "ती पुढं निघून जायची. दिसभर तिची पाठच दिसायची. तोंड दिसायचं ते माझी पात घेऊन येतानाच. तू चार महिन्याची, बाभळीला झोळी. तुला पाजायला म्या सारखी उठायची, माझी पात मागंच. मुकादम बोंबलायचा. रोज्यात पानी न्हाई, थुकी गिळायची न्हाई, तरी यायची. म्हनायची, गिरजे, पोरीला रडवू नको, हिकडून म्या आले."

मी एकोणसाठ वर्षांची आहे. हे मला आज कळलं, कारण आज विचारलं.

३० मार्च

दहा फुटी कॅनव्हासवरची ती सात पाठींची ओळ मोडली. सातवी समोरून येते आहे आणि तिच्या समोर, अर्ध्या पातीवर, आई. पायांना माती. मागे झोळी. मावळतीचं सोनं पुसून टाकलं, दुपारचं पांढरं ऊन घातलं. चेहरा सोडून बाकी बहुतेक झालं. चेहऱ्याची भीती वाटते.

२ एप्रिल

सिद्धेश बघायला आला. बराच वेळ बघून चुळबूळ करत म्हणाला, "बाई, बाकी एक नंबर. पण ही एकच उलट्या दिशेनं का? साहेब विचारतील. आणि ते संध्याकाळचं ऊन कुठं गेलं? फिरवता येईल का हिला?"

आधीची मी असते तर फिरवली असती. वरिष्ठांना न दुखावता एकतीस वर्षं नोकरी केली आहे. म्हटलं, ती फिरणार नाही. ही बसलेली माझी आई आहे, तिची पात मागे राहिलीय, ती घेऊन ही तिची जोडीदारीण समोरून येतेय. झोळीत मी आहे.

आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. सिद्धेशनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुम्ही कधीच सांगितलं नाहीत आम्हाला."

"नाही सांगितलं."

तो आईच्या पाया पडून गेला. साहेबांचं मी बघतो म्हणाला.

३ एप्रिल

चेहरा झाला. दुपारी तीनला बसले ते थेट सहाला उठले. शिफाची रेखाटनं भिंतीला टेकवून जमिनीवर बसून काढला, कॅनव्हासही खाली घेतला. एकदाही मान कलली नाही. मला आतून ठाऊक आहे, हीच ती. कसं ठाऊक ते विचारू नये.

आई म्हणाली, "दाव." मी म्हटलं, आता उजेड गेला, ट्यूबलाइटमध्ये रंग मेल्यासारखे दिसतात. सकाळी पूर्वेच्या उन्हात दाखवते. चित्र कृत्रिम उजेडात दाखवायचं नाही हा माझा शाळेपासूनचा नियम. आई म्हणाली, "बरं बाई, तुझी शाळा." आणि चहा मागितला.

४ एप्रिल

सकाळी आई उठली आणि म्हणाली, "तने, डोळ्याफुडं काळं आलंय."

डावा. रक्त उतरलं. अकरा वाजेपर्यंत दवाखान्यात होतो, परत इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, मधलं आता परत येणं अवघड आहे.

काल सहा वाजता तिला दिसत होतं. ट्यूब लावायला एक बटण दाबायचं होतं.

५ एप्रिल

काही लिहायचं नाही.

६ एप्रिल

तिला कॅनव्हाससमोर बसवलं. इकडे तोंड केलं, तिकडे केलं. बायका दिसतात म्हणाली, ठिपक्याठिपक्यांसारख्या. चेहरा नाही. मी रडले, तिच्यासमोर, मोठ्यानं. म्हटलं, आई, माझ्या नियमापायी गेलं सगळं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "जेव आधी."

आता तो चेहरा बरोबर आहे का, हे सांगणारं जगात कुणी उरलं नाही. लोक छान म्हणतील. लोकांनी रोशनबीला बघितलेलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

कंपनीची गाडी सकाळी न्यायला आली. आई परवा चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसलेलं पांढरं लुगडं नेसली. हार झाले, भाषणं झाली. साहेबांनी चित्राकडे बघून मान हलवली, उलट्या बाईबद्दल काही विचारलं नाही. शिफा शिफ्ट बदलून आली होती, चित्रातल्या पायांच्या मातीपाशी उभी राहून फोटो काढत होती. मग सगळे नाश्त्याला गेले आणि त्या गार, चकचकीत हॉलमध्ये मी आणि आईच उरलो.

"मला तिच्यापाशी ने," आई म्हणाली.

मी नेलं. तिचा हात धरून कॅनव्हासवर टेकवला, ही तू. मग तिथून सरकवत नेला, ही रोशनबी. आईनं बोटं तिथेच ठेवली. रंग सुकून खरबरीत झाला होता. बराच वेळ तिनं दाराकडे तोंड करून, डोळ्याच्या कडेनं, तो चेहरा धरायचा प्रयत्न केला.

"तोंड न्हाई दिसत," म्हणाली. "पर माझ्याकडंच येतीया ना?"

"तुझ्याकडेच येतेय, आई."

"मधी किती पात ऱ्हायली?"

मी तिच्या बोटांपासून चित्रातल्या आईपर्यंत माझी वीत लावून मोजलं. मग परत मोजलं.

"दोन वीत."

"मंग झालंच की," आई म्हणाली, आणि काठी माझ्या हातात देऊन त्या फरशीवर चित्रासमोर खाली बसली.